धुळाबाचं गाठाळ सूत

धुळाजीला किळस लवकर यायची. मेंढरांत जन्म गेलेल्या माणसाला किळस येते, हे ऐकून शिरूरच्या बाजारात लोक हसायचे. पण लेंड्यांची, ओल्या लोकरीची, व्यालेल्या मेंढीच्या वारेची त्याला कधी किळस आली नाही. त्याच्या लेखी ती घाण नव्हतीच. त्याला मळमळायचं ते दुसऱ्याच गोष्टींनी. हॉटेलवाला एकाच बादलीत वीस पेले बुचकळून काढताना दिसला की धुळाजी चहा न पिता उठायचा. पोपडे न खरवडता त्यावरच रंग मारणारा रंगारी दिसला की रस्ता बदलायचा. अर्धं काम झाकून पुरं म्हणून दाखवणाऱ्या माणसाजवळ त्याला खरोखर वास यायचा. "नासल्यावानी वास येतोय बग," म्हणायचा आणि थुंकायचा.

मी त्याच्या शेजारच्या गावचा. शाळा सातवीत सुटली, पण ऐकायला आणि बघायला शाळा लागत नाही. धुळाजीजवळ मी कितीतरी दुपारी बसलो आहे, म्हणून त्याची हकिगत मीच सांगायची.

शिरूर कासारहून दक्षिणेला निघालं की माळ चढत जातो आणि डोंगराच्या पोटात बरडवस्ती लागते. चौदा घरं. निम्मी मेंढरंवाल्यांची, निम्मी दिवाळीनंतर कोयते घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्यांची, पण चार-दोन मेंढरं प्रत्येक घरी. वस्तीच्या डोक्यावर पाझर तलाव आहे. आहे म्हणजे होता. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याच बापजाद्यांनी टोपल्यांनी माती वाहून त्याची पाळ घातली. पाळीच्या पायथ्याला, वस्तीच्या बाजूने, दगडांची एक नाली होती. पाळीत मुरलेलं पाणी त्या नालीत यायचं आणि तिच्या तोंडाच्या लोखंडी पाइपातून थेंब थेंब खाली पडायचं. खाली एक काळी शिळा. शिळेपलीकडे शेंदूर लावलेले सात दगड, साती आसरा. पाणी जिथं वाहतं तिथंच आसरा राहतात, म्हणून बायका तिथं ओटी भरायच्या आणि चिखलात भरलेले पाय घेऊन घरी यायच्या.

दुपारी मेंढरं लिंबाच्या सावलीला माना खाली घालून बसली की धुळाजी त्या शिळेजवळ येऊन बसायचा. खांद्यावर लोकरीचा पेळू, हातात टकळी. एक थेंब पडला की टकळीला एक गिरकी. पुढचा थेंब पडेपर्यंत लोकर ओढत राहायची. थेंब पडला, पुन्हा गिरकी. बापानं त्याला असंच शिकवलं होतं, आणि वस्तीत दुसऱ्या कुणालाच ते जमत नव्हतं, कारण तेवढा धीर कुणाजवळ नव्हता.

उन्हाळ्यात तलाव खाली गेलेला असताना थेंब अगदी सारखे पडायचे. दोन थेंबांमधलं अंतर तेवढंच, पुन्हा तेवढंच. सूतही सरळ यायचं. त्याला धुळाजी म्हणायचा, "पानी चालतंय." पावसाळ्यात तलावात पाणी वाढलं की थेंब जलद व्हायचे. पण नुसते जलद व्हायचे नाहीत. एक दिवस अचानक ते जोडीनं पडू लागायचे. एक लांबून, एक लगेच. परत लांबून, परत लगेच. लांब वेळ मिळाला की लोकर बारीक ओढली जायची, कमी मिळाला की जाड राहायची. सूत जाड-बारीक, जाड-बारीक व्हायचं. "पानी लंगडतंय." पाणी आणखी चढलं की चाराचा फेर लागायचा, चार वेगवेगळी अंतरं, आणि पाचव्याला पुन्हा पहिलं. त्याही पुढे गेलं की काही नेम उरायचा नाही. थेंब मनाला येईल तसे पडायचे, सुताला वेड्यावाकड्या गाठी यायच्या. "पिसाटलंय." आणि त्या पिसाटलेपणात मध्येच, घटकाभर, थेंब तीनच्या ठेक्यावर यायचे, धनगरी गजनृत्यातला ढोल वाजावा तसे नेमके, आणि पुन्हा बिथरायचे. हे तिनाचं लक्षण मी स्वतः ऐकलं आहे.

पाणी लंगडायला लागलं की धुळाजी सखल भागातल्या मेंढवाड्यातली कोकरं वर हलवायचा. पिसाटलं की रोज पाळीवर चढून सांडवा बघून यायचा. वस्तीतल्या लोकांनी कधी विचारलं नाही, पण त्याची मेंढरं हलली की सगळ्यांची हलायची.

त्या सुताची बाजारात मात्र शोभा व्हायची. घोंगड्या विणणारा सटवा ते बोटांवर धरून नाक मुरडायचा.

"धुळाबा, ह्ये सूत हाय का पोट भरलेलं गांडूळ?"

"गांडूळ म्हन. पन नेमानं चालनारं गांडूळ हाय. जाड-बारीक, जाड-बारीक. एक तरी पाऊल चुकलंय का, दाव."

"मला घोंगडी इनायची हाय बे, पावलं न्हाई मोजायची."

सटवा उन्हाळ्याचं सूत उचलायचा आणि पावसाळ्याचं परत द्यायचा. परत आलेल्या सुताचे गुंडे सुभद्राबाई, धुळाजीची बायको, कणगीवर टोपल्यात टाकून ठेवायची. सव्वीस वर्षांचे गुंडे साठले होते. कोणत्या सालचा कोणता ते धुळाजीला रंगावरून आणि वासावरून कळायचं.

वस्तीतल्या परमेश्वरची मुलगी उज्ज्वला. आईबाप ऊसतोडीला गेले की ती सुभद्राबाईजवळ राहायची, त्या शिळेजवळ बसून पाढे म्हणायची. ती शिकली, इंजिनिअर झाली, आणि आता संभाजीनगरच्या एका कॉलेजात यंत्रांच्या थरथरीचा अभ्यास करते. चांगलं चालणारं यंत्र कोणत्या घडीला बिथरतं, हे ती शोधते. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ती वस्तीवर आली, मोबाइल शिळेजवळ ठेवून दिवसभर थेंबांचा आवाज भरून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी हसत हसत धुळाजीपुढे बसली.

"आज्जा, हे गळणं पुस्तकात हाय."

"आमचा पाइप पुस्तकात?"

"तुमचा न्हाई. नळाचा. लई शिकलेल्या लोकांनी नळ गळवून असेच थेंब मोजलेत. एकाचे दोन, दोनाचे चार, मग पिसाट. अगदी तुमी म्हणता तसंच."

"दिवसभर नळापशी बसले? त्येंला मेंढरं नव्हती का राखायला?"

तिनं एक कागद दाखवला. एका थेंबाचं अंतर आडवं मोजायचं, त्याच्या पुढच्या थेंबाचं उभं, आणि तिथं टिंब द्यायचं. पाणी पिसाटलेलं असतानाची हजार टिंबं होती. ती कुठंही विखुरलेली असतील असं मला वाटलं होतं. पण सगळी मिळून एक कमान झाली होती. धुळाजीनं कागद दूर धरून बघितला.

"ह्यो तर बोकडाचा पाठकणा हाय."

"हाय ना? पिसाटलेल्या पाण्याच्या पोटात बी नेम असतो, आज्जा. फक्त पुढचा दहावा थेंब कवा पडेल ते सांगता येत न्हाई. इवलासा फरक पडला की दहाव्यापर्यंत त्याचा डोंगर होतो."

मग तिनं त्याला टोपल्यातले गुंडे उकलायला लावले. चार दिवस अंगणात सूत पसरलं होतं, आणि कोणत्या वेळी तलाव किती भरला होता ते धुळाजी गुंड्यागणिक सांगत गेला. त्यातून तिला जे कळलं ते धुळाजीला आतून ठाऊक होतं, पण त्यानं तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. पूर्वी तलाव पाऊण भरला की पाणी लंगडायचं. आता निम्म्यावरच लंगडू लागलं होतं. म्हणजे तेवढ्याच पाण्याला पाळ जास्त झिरपत होती.

पाळीच्या माथ्यावर उन्हाळ्यात भेगा पडायच्या, काळ्या मातीला पडतात तशाच. "मोठीच्या पोटात धाकटी, धाकटीच्या पोटात तान्ही, आन तोंडवळा सगळ्यांचा एकच," असं धुळाजी सांगायचा. उज्ज्वलानं त्या भेगांचे फोटो काढले, त्यावर मोठ्या चौकटी आखल्या, किती चौकटींत भेग आहे ते मोजलं. मग निम्म्या आकाराच्या चौकटी, मग त्याच्या निम्म्या. त्या मोजणीतून तिनं एक आकडा काढला. सरळ एकच रेघ असती तर तो आकडा एक आला असता. कागद कानाकोपऱ्यापर्यंत भेगांनीच भरला असता तर दोन. पहिल्या उन्हाळ्यात आकडा दीडच्या खाली होता, दुसऱ्यात दीड, तिसऱ्यात पावणेदोनच्या जवळ. पाळ माथ्यापासून पिंजत चालली होती.

हे सगळं घेऊन ती जलसंधारणाच्या कार्यालयात गेली. धुळाजीलाही नेलं. साहेबांनी तिचे कागद न उघडता कपाटातून नोंदवही काढली. दर पंधरवड्याला कर्मचारी पाळीवर जाऊन पाहणी करतो, असं त्यात होतं. गळती: सामान्य. भेगा: किरकोळ. पानामागून पान तेच, एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिल्यासारखं. उज्ज्वला एका पानावर थांबली.

"सर, ह्या उन्हाळ्यात तलाव कोरडा ठणठणीत होता. आम्ही त्यात क्रिकेट खेळत होतो. तरी गळती सामान्य?"

साहेब म्हणाले, "नसलेली गळती सामान्यच म्हणायची, मॅडम."

धुळाजी तिथंच खिडकीतून बाहेर थुंकला.  पंधरा दिवसांनी जेसीबी आला, पाळीच्या माथ्यावर मुरूम पसरून गेला. भेगा दिसेनाशा झाल्या. नासलेल्या जखमेवर पावडर मारावी तसं ते दिसत होतं, आणि धुळाजीनं तीन दिवस पाळीकडे तोंड करून भाकर खाल्ली नाही.

आता यापुढचं सांगायला मलाच ओशाळं वाटतं, पण धुळाजीनं मला ते झाकायला सांगितलेलं नाही.

गेल्या आषाढात सुग्रीव वस्तीवर आला. सुग्रीव म्हणजे आमचा माजी सरपंच. पुन्हा उभं राहायचं होतं. म्हणाला, आसरांना ओटा बांधतो, फरशी लावतो, मायमाउल्यांचे पाय किती दिवस राडीत भरायचे? बायका खूश झाल्या. सुभद्राबाई सगळ्यांत जास्त. मग सुग्रीव धुळाजीकडे वळला.

"धुळाबा, आसरांपशी तुमचा जल्म गेला. उद्घाटन तुमच्याच हातनं. काळ्या पाटीवर सोनेरी अक्षरात नाव येनार."

ज्याला रंगाऱ्याच्या कुंचल्याची शिसारी यायची तो धुळाजी, हो म्हणाला. नागपंचमीला नारळ फुटला. ओट्याला लावलेल्या फरशा पांढऱ्या, चकचकीत, संडासाला लावतात तसल्या. पाटीवर वर सुग्रीवचं नाव मोठं, खाली धुळाजीचं. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं आपल्या नावावरून बोट फिरवलं, एकदा, मग कुणी बघत नाही असं पाहून आणखी एकदा. मी बघत होतो.

काम चालू असताना तो तिकडे बसायला गेला नव्हता; उद्घाटनाच्या दुसऱ्या दुपारी टकळी घेऊन गेला. शिळा ओट्याखाली गेली होती. पाइप दिसत नव्हता. थेंब नव्हता. गवंड्याला विचारलं तर तो म्हणाला, पाण्यानं सिमेंट धरेना, म्हणून पाइपात गोणपाट कोंबून बूच मारलं.

"आसरांच्या पायापशी गळती बरी दिसती का, धुळाबा?" सुग्रीव फटफटीवर बसल्या बसल्या म्हणाला. "आता बगा कसं कोरडं."

त्या दिवशी धुळाजीनं पहार घ्यायला हवी होती. त्याला कळत होतं. पाणी एका दारानं बंद झालं की ते परत जात नाही, दुसरं दार शोधतं, हे मेंढरं राखणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण दारावर त्याचं नाव होतं. पहार घरातच राहिली.

उज्ज्वला दर रविवारी फोन करायची. "आज्जा, गळणं कसं हाय?"

पहिल्या रविवारी धुळाजीनं घसा खाकरला आणि म्हणाला, "सामान्य."

फोन ठेवला. वाड्यामागं जाऊन तो ओकला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच म्हणाला. दीड महिना. टकळी तो ओट्यावर बसून फिरवायचा, कानात ठेका नसताना, नुसत्या हाताच्या सवयीनं. सूत सरळ, सारखं, गुळगुळीत येऊ लागलं. सटवानं बाजारात ते उन्हात धरलं आणि चारचौघांना हाका मारून दाखवलं.

"आत्ता कुठं सूत झालं! धुळाबा, साठीत का हुईना, शिकलात!"

धुळाजीनं त्याच्या हातातून गुंडा हिसकावून घेतला आणि विकलाच नाही.

भाद्रपदाच्या शेवटी, पितृपक्षात, तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी उघडलं. तलाव सांडव्याला लागला होता. ऊन पडलं तरी सखल वाड्याची जमीन ओलीच राहिली. एक कोकरू गुडघ्यापर्यंत रुतलं. त्याला काढताना धुळाजीच्या पायाखाली जमीन हलल्यासारखी झाली. वस्तीच्या आडाचं पाणी गढूळ आलं. त्यानं ओंजळीत घेऊन वास घेतला. जुन्या, पुरलेल्या मातीचा वास. पाळीच्या पोटातली माती.

त्यानं परमेश्वरच्या घरी जाऊन उज्ज्वलाला फोन लावायला सांगितला.

"उजे, पाइप बुजवलाय. ओट्याखाली."

पलीकडून तिनं विचारलं, "कवा?"

"नागपंचमीच्या आदी."

"आन मला दर रविवारी सामान्य म्हनलात? कावून, आज्जा?"

"पाटीवर नाव हुतं माजं."

ती म्हणाली, "आधी मानसं वर काढा. माळावर, शाळेपशी. पाइपाला हात नंतर. पानी दुसरीकडनं गढूळ येतंय म्हंजे पाळ आतनं खाल्ली जातीय. मी कार्यालयाला फोन लावते." दहा मिनिटांनी तिचा पुन्हा फोन आला. कार्यालयानं उद्या माणूस पाठवतो म्हणून सांगितलं होतं.

धुळाजी घरोघर फिरला. कुणाकडे पितरांचा स्वयंपाक चालला होता, कुणी नुकतं भिजलेलं धान्य पसरत होतं. कुणी उठेना. कुणीतरी सुग्रीवला कळवलं; तोही दोन माणसांना घेऊन फटफटीवर आला. "अफवा कावून पसरवता, धुळाबा? चाळीस-पन्नास वर्सं पाळ उभी हाय."

उज्ज्वलाचा बाप परमेश्वर ओट्याकडे बोट दाखवून हसला. "पाटीवर तर नाव तुमचंच हाय की. तवा बरं हुतं, आन आता पाळ फुटती व्हय?"

 धुळाजीनं घरातून पहार आणली. पहिला घाव पाटीवर घातला. पाटी फुटली नाही, निखळून पडली. मग फरशांवर. बायका किंचाळल्या, आसरा कोपतील म्हणून सुभद्राबाईनं त्याचा सदरा मागून धरला. सुग्रीवच्या दोन माणसांनी पहारीला हात घातला, पण तोवर सिमेंटचं बूच सुटलं होतं. गोणपाटाचा कुजलेला बोळा बाहेर फेकला गेला आणि त्यामागून पाणी आलं. पाणी कसलं, दूध जास्त झालेल्या चहासारखं. ठेका नाही, थेंब नाही; गुरगुरत, ढेकरा देत येणारी धार.

धुळाजी बाजूला झाला. सुभद्राबाईनं त्या धारेत बोटं घातली, चिमटीत चोळली.

"आवं, ह्यात पाळीची माती हाय," ती म्हणाली. मग वळून वस्तीकडे तोंड करून तिनं अशी बोंब मारली की मेंढरांनी माना वर केल्या.

तरीही माणसं वाद घालत उभीच होती. पाइप फोडला म्हणून गढूळ आलं, एक म्हणे. आता पाणी निघून जाईल, बरंच झालं, दुसरा म्हणे. धुळाजीनं त्यांच्याकडे बघणंही सोडलं. तो वाड्यांकडे गेला, एकामागून एक चौदा घरांच्या वाड्यांची झापं त्यानं उघडली, आणि आपल्या म्होरक्या बोकडाला हाक घातली. "हुर्रऽ हेऽ, हुर्रऽ." बोकड माळाच्या वाटेला लागला. त्यामागं धुळाजीची मेंढरं, त्यांच्यामागं परमेश्वरची, त्यांच्यामागं सगळ्यांची. माणसाचं न ऐकणारी वस्ती जनावरामागं मात्र धावते. बायका शिव्या देत निघाल्या, पुरुष काठ्या घेऊन निघाले, म्हाताऱ्यांनाही पाठीवर घेतलं, म्हणायला मेंढरं कुठं जातात ते बघायला. सुभद्राबाई सगळ्यांत शेवटी निघाली. डोक्यावर धान्याचं पोतं नव्हतं. सुताचं टोपलं होतं.

"ह्ये कशाला?" धुळाजी ओरडला.

"पोरगी म्हनत हुती, तुमचं समदं मोजमाप ह्यातच हाय."

चारच्या सुमारास पाळीचा मधला भाग आधी खाली बसला, अगदी सावकाश, बसायला जागा शोधणाऱ्या म्हातारीसारखा. मग तो गेला. आवाज नंतर आला. माळावरून आम्ही बघत होतो. मीही तोवर धावत पोचलो होतो. चौदा घरांपैकी तीन उभी राहिली. माणूस एकही गेलं नाही. मेंढरं नऊ गेली, वाटेतून परत फिरलेली.

दुसऱ्या दिवशी सुग्रीव बिस्किटांचे पुडे घेऊन आला. पुडा देताना प्रत्येकाबरोबर फोटो. धुळाजीच्या हातात पुडा ठेवून त्यानं कॅमेऱ्याकडे तोंड केलं, तेव्हा धुळाजीनं पुडा त्याच्या खिशात परत कोंबला.

आठवड्यानं शाळेत चौकशी झाली. सुग्रीवनं लिहून दिलं की मेंढपाळानं पहारीनं पायथा फोडला, म्हणून पाळ गेली. पाइप कधी बंद केलाच नव्हता, असं गवंड्यानंही सांगितलं. कार्यालयाची नोंदवही होतीच. शेवटच्या पंधरवड्यातही गळती सामान्य होती.

उज्ज्वला टोपलं घेऊन आली होती. तिनं शाळेच्या फरशीवर सूत पसरलं, साल लावून. तलाव भरत गेला की सूत कुठं लंगडायला लागलं, ते दर वर्षी कसं अलीकडे अलीकडे आलं, हे तिनं चौकशीला आलेल्या साहेबांना बोट ठेवून दाखवलं. साहेब खाली बसले, चष्मा पुसला. मग तिनं शेवटचा गुंडा सोडला, सटवानं वाखाणलेला. बाजारातून सटवा आला होता, दारात उभा होता.

"हे यंदाचं. इथवर बघा, जाड-बारीक. म्हणजे थेंब पडत होते. आणि इथून पुढं गुळगुळीत. इतक्या वर्षांत पावसाळ्याचं सूत कधी गुळगुळीत आलेलं नाही. ह्या दिवसापासून पाइप बंद आहे."

सटवानं मान खाली घातली. "मीच म्हनलं हुतं, आत्ता कुठं सूत झालं," तो कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाला.

साहेबांनी बराच वेळ ते सूत बोटांत फिरवलं. मग विचारलं, "मॅडम, पहार मारली नसती तर पाळ राहिली असती का?"

उज्ज्वलानं धुळाजीकडे बघितलं. सुग्रीवही बघत होता.

"सांगता येत नाही, सर," ती म्हणाली. "पाळ अशा अवस्थेला पोचलेली होती की बोटभर फरकानं काहीही झालं असतं. कदाचित पहारीनं फुटायची वेळ एक तास अलीकडे आली. कदाचित एक दिवस पलीकडे गेली. हे आपल्याला नक्की माहीत आहे असं जो म्हणेल, तो खोटं बोलतो."

सुग्रीवच्या मिशीखाली हसू फुटलं. पण धुळाजी उठून उभा राहिला.

"खरं बोलली. लिवा," तो म्हणाला. "आन ह्ये बी लिवा. पाइप बंद हाय ह्ये मला दुसऱ्याच दिशी कळलं. दीड महिना मी पोरीला सामान्य म्हनत गेलतो. वहीत तुमच्या मानसानं लिवलं, तोंडानं मी."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "बाबा, तेवढं लिहायची गरज नाही. तुमच्यावर काही येणार नाही, असंच बघू."

धुळाजी बाहेर गेला. लिंबाला टेकून तो कितीतरी वेळ उभा होता. मी पाण्याचा तांब्या नेला, तो त्यानं घेतला, चूळ भरली, पुन्हा भरली, तांब्या संपेपर्यंत भरतच राहिला.

चौकशीचा कागद अजून वरून आलेला नाही. वस्ती आता माळावर आहे, पत्र्यांखाली. काळी पाटी नाल्यात सापडली, तिला एक तडासुद्धा गेलेला नव्हता. धुळाजीनं ती बैलगाडीत घालून आणली आणि नव्या वाड्याच्या तोंडाशी जमिनीत पुरली, अक्षरं वर करून.

"आवं, नाव हाय तुमचं," सुभद्राबाई म्हणाली.

"म्हनूनच."

सांजेला मेंढरं आत येतात ती तिच्यावरून. पावसात भिजलेले खूर, लेंड्या, मूत. सोनेरी अक्षरांच्या खोबणी भरून गेल्या आहेत. सकाळी सुभद्राबाई सगळा वाडा झाडते, तेवढी पाटी सोडून.